इंटिजरची लिस्ट ही नंबरची लिस्ट का नाही?

‘इनकम्पॅटिबल टाइप्स: लिस्ट ऑफ इंटिजर कॅनॉट बी कन्व्हर्टेड टू लिस्ट ऑफ नंबर.’ जावा शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ही एरर भेटते आणि बहुतेकांना ती पहिल्यांदा अन्यायाची वाटते. इंटिजर हा नंबरच आहे, यात शंका कसली? जावाच्या लायब्ररीत इंटिजर हा क्लास नंबर या क्लासपासूनच निघालेला आहे. नंबर मागणाऱ्या कुठल्याही मेथडला इंटिजर द्या, कंपायलर हूं की चूं करत नाही. मग इंटिजरची लिस्ट मात्र नंबरच्या लिस्टच्या जागी का चालू नये?

शेजारच्या टेबलावरचा सहकारी सांगतो, “तिथे प्रश्नचिन्ह टाक आणि पुढे एक्स्टेंड्स नंबर लिही, जाईल एरर.” एरर जातेही, पण दोन ओळी खाली नवी उगवते. मग वैतागून कुणीतरी कोनी कंसच काढून टाकतो, कंपायलर एक पिवळी सूचना देऊन गप्प बसतो आणि काम पुढे सरकतं. नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न हमखास येतो आणि पाठ केलेलं उत्तर हमखास दिलं जातं. माझं म्हणणं असं, की जावातल्या कलेक्शन्सचा सगळा गाभा या एका नकारात आहे. कंपायलर इथे हट्ट करत नाही, तो बरोबर आहे, आणि तो का बरोबर आहे हे एकदा नीट कळलं की पाठ करायचं काही उरत नाही.

चार ओळींचा कोड घेऊ. व्हेरिएबलला मराठी नाव द्यायला जावाची हरकत नसते. ही भाषा पहिल्यापासून युनिकोडवर उभी आहे, त्यामुळे ‘गुण’ किंवा ‘आकडे’ ही नावं खऱ्या प्रोग्रॅममध्येही चालतात. भाषेचे स्वतःचे शब्द आणि लायब्ररीतल्या क्लासची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावी लागतात, इथे ती वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत देतो आहे.

लिस्ट<इंटिजर> गुण = न्यू ॲरेलिस्ट<>();
लिस्ट<नंबर> आकडे = गुण;
आकडे.ॲड(६४.५);
इंटिजर पहिला = गुण.गेट(०);

पहिली ओळ इंटिजर ठेवायची रिकामी लिस्ट तयार करते. दुसऱ्या ओळीवर कंपायलर अडतो. क्षणभर धरून चालू, की त्याने ती ओळ जाऊ दिली. तिसऱ्या ओळीत ६४.५ ही संख्या आत जाते. ती डबल आहे, डबलही नंबरपासूनच निघाला आहे आणि ‘आकडे’ ही नंबरची लिस्ट आहे, तेव्हा या ओळीत खोट काढता येत नाही. चौथ्या ओळीत ‘गुण’मधून पहिला इंटिजर काढला जातो. ‘गुण’ इंटिजरची लिस्ट आहे, म्हणून ही ओळही निर्दोष. आणि तरीही इंटिजर म्हणून हातात येणार ६४.५! पहिली, तिसरी आणि चौथी ओळ आपापल्या जागी बरोबर असेल तर दोष दुसरीचाच. तिथे नवी लिस्ट तयार झालेली नाही, मूल्यांची नक्कल झालेली नाही. मेमरीत लिस्ट एकच आहे आणि तिला आता दोन नावं आहेत. एक नाव सांगतं ‘इथे फक्त इंटिजर’ आणि दुसरं सांगतं ‘इथे कुठलाही नंबर टाका’. दोन्ही नावं एकाच वेळी खरी ठरू शकत नाहीत.

मार्केट यार्डात हापूसची पेटी कुणाच्या हाती ‘फळांची पेटी’ म्हणून दिली आणि त्याने तिच्यात चार चिकू टाकले, तर त्याला दोष देता येणार नाही. फळांच्या पेटीत चिकू चालायलाच हवेत. फसतो तो पेटीवरचं हापूसचं लेबल वाचून ती घरी नेणारा. हापूस हे फळ आहे हे सोळा आणे खरं असूनही हापूसची पेटी ही फळांची पेटी होत नाही, निदान तिच्यात काही टाकायची मुभा आहे तोवर तरी नाही. शेवटची अट लक्षात राहू द्या, सगळी मेख तिथेच आहे.

संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये हीच गोष्ट नेमकेपणाने मांडली आणि पुढे १९९४ मध्ये जिनेट विंग यांच्यासोबतच्या निबंधात तिला गणिती रूप दिलं. एक टाइप दुसऱ्याचा उपप्रकार कधी म्हणायचा? दुसऱ्याने दिलेलं प्रत्येक वचन पहिला पाळत असेल तेव्हाच. नंबरच्या लिस्टची वचनं दोन आहेत: ‘माझ्यातून काढाल तो नंबर असेल’ आणि ‘माझ्यात कुठलाही नंबर टाकता येईल’. इंटिजरची लिस्ट पहिलं वचन पाळते, दुसरं पाळू शकत नाही. म्हणून ती उपप्रकार नाही. इंटिजर आणि नंबर यांच्यात जे नातं आहे ते त्यांच्या लिस्टमध्ये आपोआप उतरत नाही, या गुणधर्माला इन्व्हेरिअन्स म्हणतात आणि ते उतरलं तर कोव्हेरिअन्स.

आता गंमत अशी, की जावातच एक जागा आहे जिथे हे नातं उतरतं. वरच्या चार ओळी लिस्टऐवजी ॲरे घेऊन लिहा. इंटिजरचा ॲरे नंबरच्या ॲरेच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, कंपायलर बिनतक्रार होकार देतो. त्यात ६४.५ ठेवणारी ओळही कंपाइल होते. प्रोग्रॅम चालवला की मात्र त्याच ओळीवर ॲरेस्टोअर एक्सेप्शन येऊन तो कोसळतो. म्हणजे चूक पकडली जाते, पण टेबलाशी बसलेल्या प्रोग्रॅमरच्या समोर नाही, वापरणाऱ्याच्या समोर.

ॲरेना ही सवलत देण्यामागे कारण होतं. जावाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली तेव्हा भाषेत जेनेरिक्स म्हणजे कोनी कंसात टाइप सांगण्याची सोय नव्हती. कुठल्याही वस्तूंच्या ॲरेवर चालणारी, त्यांचा क्रम लावणारी किंवा दोन ॲरे सारखे आहेत का ते तपासणारी एकच मेथड लिहायची तर ऑब्जेक्टचा ॲरे हाच मार्ग होता. स्ट्रिंगचा ॲरे तिथे चालला नसता तर प्रत्येक टाइपसाठी तीच मेथड पुन्हा लिहावी लागली असती. ही सोय फुकट मिळाली नाही. जावा व्हर्च्युअल मशीनमध्ये ॲरेत ऑब्जेक्ट ठेवणारी ‘एएस्टोर’ नावाची सूचना आहे आणि ती दरवेळी ॲरेचा खरा टाइप बघून आत येणारी वस्तू तिथे चालते का हे तपासते. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्पनेही पुढे ॲरेच्या बाबतीत हाच नियम उचलला. माझ्या मते ही तडजोड त्या घडीला समजण्यासारखी होती, पण भाषेला जेनेरिक्स मिळाल्यानंतर तिचं समर्थन उरलं नाही. ती काढता मात्र आली नाही, कारण तोवर तिच्यावर उभा असलेला कोड जगभर पसरला होता.

जेनेरिक्सच्या आधी लिस्ट कशा वापरत, हे आज जावा शिकणाऱ्यांना सांगावं लागतं. जोशुआ ब्लॉक यांच्या पुढाकाराने बांधलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलं. त्यातली लिस्ट फक्त ऑब्जेक्ट ओळखायची. तिच्यात काहीही टाका, बाहेर येताना ऑब्जेक्टच येणार. मग प्रत्येक वेळी हाताने कास्ट करायचा: ‘हा इंटिजर आहे, माझ्यावर विश्वास ठेव’. लिस्टमध्ये नक्की काय आहे, हे बाजूच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवायचं. कॉमेंट कंपायलर वाचत नाही. चुकीची वस्तू आत गेली की ती बाहेर काढणाऱ्या ओळीवर क्लासकास्ट एक्सेप्शन यायचं आणि ती आत टाकली कुणी, हे शोधण्यात दिवस जायचा.

यावर उपाय शोधण्याचं काम आधीच सुरू झालं होतं. मार्टिन ओडेर्स्की आणि फिलिप वाडलर या दोघांनी जावावर ‘पिझ्झा’ नावाची विस्तारित भाषा बांधली होती. वाडलर हे हॅस्केल या भाषेच्या रचनाकारांपैकी एक, आणि त्या घराण्याच्या भाषांमध्ये टाइपला पॅरामीटर देणं ही रोजची गोष्ट. त्या दोघांना गिलाड ब्राचा आणि डेव्हिड स्टाउटमायर येऊन मिळाले आणि १९९८ मध्ये चौघांनी ‘जीजे’ म्हणजे जेनेरिक जावाचा प्रस्ताव मांडला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच भूतकाळाला सांभाळून घेणाऱ्या भविष्याची भाषा होती. जीजेसाठी ओडेर्स्कींनी लिहिलेला कंपायलर इतका चांगला निघाला की जावा बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टम्सने तो जावा १.३ पासून आपला अधिकृत कंपायलर म्हणून घेतला, जेनेरिक्सचा भाग तेवढा बंद ठेवून. जेनेरिक्स भाषेत प्रत्यक्ष आले ते सप्टेंबर २००४ मध्ये, जावा ५ बरोबर.

भूतकाळ सांभाळायचा म्हणजे काय? २००४ पर्यंत जावाच्या कोडचा डोंगर उभा राहिला होता. बँका, टेलिफोन कंपन्या, सरकारी यंत्रणा, सगळीकडे जुनी लिस्ट वापरणारा कोड चालू होता. तो कोड न बदलता, पुन्हा कंपाइलही न करता, नव्या जावावर चालायला हवा होता. शिवाय एखादी लायब्ररी आज नवे जेनेरिक्स स्वीकारेल आणि तिला वापरणारा प्रोग्रॅम पाच वर्षांनी स्वीकारेल, तरी मधल्या काळात दोघांचं जमायला हवं होतं. या अटीतून जो निर्णय निघाला त्याचं नाव टाइप इरेजर.

इरेजर म्हणजे कोनी कंसातली सगळी माहिती कंपायलर तपासणीसाठी वापरतो आणि तपासणी संपली की पुसून टाकतो. चालू प्रोग्रॅममध्ये इंटिजरची लिस्ट आणि स्ट्रिंगची लिस्ट यांचा क्लास एकच असतो, नुसती ॲरेलिस्ट. दोघींना त्यांचा क्लास विचारा आणि उत्तरांची तुलना करा, ‘ट्रू’ येतं. पूर्वी प्रोग्रॅमर हाताने लिहायचा तो कास्ट आता कंपायलर स्वतः, न दाखवता, योग्य त्या जागी घालतो. जावातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ इथे आहे. टी या पॅरामीटरचा नवा ॲरे तयार करता येत नाही, कारण चालू प्रोग्रॅमला टी म्हणजे काय हे माहीतच नसतं. खुद्द ॲरेलिस्टसुद्धा आतमध्ये ऑब्जेक्टचा ॲरे बाळगून असते. एक मेथड स्ट्रिंगची लिस्ट घेणारी आणि त्याच नावाची दुसरी इंटिजरची लिस्ट घेणारी, अशी जोडी एका क्लासमध्ये राहू शकत नाही, कारण पुसल्यावर दोघी एकच होतात. इंटिजरच्या लिस्टचा ॲरेही बनवता येत नाही. ॲरे आपला टाइप चालू प्रोग्रॅममध्ये तपासतो, लिस्टने तो तोवर पुसून टाकलेला असतो. दोघांचे स्वभावच उलटे आहेत.

या निर्णयाची सगळ्यात बोलकी खूण लायब्ररीतल्या एका ओळीत सापडते. कलेक्शनमधलं सगळ्यात मोठं मूल्य शोधणारी ‘मॅक्स’ ही मेथड बघा:

<टी एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट & कम्पॅरेबल<? सुपर टी>> टी मॅक्स(कलेक्शन<? एक्स्टेंड्स टी> कोल)

पहिल्यांदा बघणारा दचकतो. ‘टी हा ऑब्जेक्ट असला पाहिजे’, हे लिहायची गरजच काय? जावात प्रत्येक क्लास ऑब्जेक्टपासूनच निघतो. पण त्या शब्दाचं काम वेगळं आहे. कंपायलर टी पुसतो तेव्हा त्याच्या जागी पहिली मर्यादा लिहितो. ‘ऑब्जेक्ट’ काढला असता तर पहिली मर्यादा कम्पॅरेबल झाली असती आणि पुसल्यावर ही मेथड कम्पॅरेबल परत करणारी मेथड बनली असती. जेनेरिक्सपूर्वीची मॅक्स ऑब्जेक्ट परत करायची आणि जुने, आधीच कंपाइल झालेले प्रोग्रॅम नेमक्या त्याच रूपातली मेथड शोधतात. ती सापडली नसती तर ते सगळे ‘अशी मेथडच नाही’ म्हणत बंद पडले असते. तो एक निरर्थक वाटणारा शब्द कुठल्यातरी १९९९ सालच्या प्रोग्रॅमला आजही जिवंत ठेवतो. मला ही ओळ जावाच्या स्वभावाचा उत्तम नमुना वाटते.

सी-शार्पने उलट वाट धरली. २००५ मध्ये तिथे जेनेरिक्स आले तेव्हा त्यांनी चालवणारं यंत्रच बदललं, टाइपची माहिती चालू प्रोग्रॅममध्ये जिवंत ठेवली आणि जुन्या कलेक्शनच्या शेजारी नव्या कलेक्शनचा वेगळा संच दिला. भाषा म्हणून ते जास्त नेटकं आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण डॉटनेट तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं होतं, जावाच्या मागे जवळपास नऊ वर्षांचा कोड होता. इरेजरला नावं ठेवणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

जुन्या कोडशी जमवून घेण्यासाठी जावाने आणखी एक दार उघडं ठेवलं, आणि खरे अपघात या दारातून होतात. कोनी कंसाशिवाय नुसतं ‘लिस्ट’ लिहिता येतं. याला रॉ टाइप म्हणतात. रॉ लिस्ट कुठल्याही लिस्टशी दोन्ही दिशांनी जुळते. म्हणून हे चालतं:

लिस्ट जुनी = गुण;
जुनी.ॲड("गैरहजर");

कंपायलर ‘अनचेक्ड’ अशी सूचना देतो, अडवत नाही. आता इंटिजरच्या लिस्टमध्ये ‘गैरहजर’ ही स्ट्रिंग जाऊन बसली. हापूसच्या लेबलखाली चिकू. जावाच्या अधिकृत परिभाषेत या अवस्थेला हीप पोल्युशन म्हणतात. ॲरेच्या बाबतीत निदान चुकीच्या ओळीवरच एक्सेप्शन येतं. इथे टाकणारी ओळ सुखरूप पार पडते. लिस्टमधली मूल्यं नुसती छापली तर ‘गैरहजर’ही निमूट छापलं जातं आणि कुणाला काही कळत नाही. केव्हातरी, कदाचित दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये, कुणी बेरीज करायला घेतो आणि ज्या ओळीत डोळ्यांना एकही कास्ट दिसत नाही तिथे क्लासकास्ट एक्सेप्शन येतं. कास्ट आहे, पण तो कंपायलरने घातलेला आहे. असा बग शोधायचा असेल तर कलेक्शन्स क्लासमधली ‘चेक्डलिस्ट’ ही मेथड फार कामाची आहे. ती लिस्टभोवती एक पहारा बसवते आणि चुकीची वस्तू आत जातानाच पकडते. जावा ५ पासून ती लायब्ररीत आहे, आणि तिचा वापर मी फारच थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आता त्या प्रश्नचिन्हाकडे वळू. इन्व्हेरिअन्स बरोबर असला तरी नुसत्या त्याच्यावर भाषा चालवणं कठीण. लिस्टमधल्या संख्यांची बेरीज करणारी मेथड लिहिली आणि तिने नंबरची लिस्ट मागितली, तर इंटिजरची लिस्ट देता येणार नाही, डबलचीही नाही. बेरीज करणारी मेथड तर लिस्टमध्ये काहीच टाकत नाही, मग तिथे धोका कुठला? नाहीच. पेटीत टाकण्याची मुभा काढून घेतली की हापूसची पेटी फळांची पेटी म्हणून द्यायला हरकत उरत नाही. अत्सुशी इगाराशी आणि मिर्को व्हिरोली या दोन संशोधकांनी २००२ मध्ये हा विचार पद्धतशीर मांडला: लिस्ट वापरणाऱ्याने जागच्या जागी सांगावं की मी इथून फक्त काढणार आहे किंवा इथे फक्त टाकणार आहे, आणि कंपायलरने त्याप्रमाणे सुसंगती ठरवावी. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी सनच्या मंडळींबरोबर काम करून त्याला जावात बसेल असं रूप दिलं. तेच वाइल्डकार्ड.

‘लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर>’ याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. बरेच जण तो ‘कुठल्याही नंबरांची मिसळ’ असा घेतात आणि तिथेच घोटाळा होतो. अर्थ असा आहे: ही कुठल्यातरी एका ठरावीक टाइपची लिस्ट आहे, तो टाइप नंबर आहे किंवा नंबरपासून निघालेला आहे, पण नेमका कोणता हे मला ठाऊक नाही. तिच्यातून जे निघेल ते नंबर असणार, याची खात्री आहे. टाकायचं मात्र, एक नल सोडला तर, काहीच नाही. इंटिजरही नाही, कारण ती लिस्ट डबलची असू शकते. सहकाऱ्याचा सल्ला ऐकून प्रश्नचिन्ह टाकल्यावर दोन ओळी खाली उगवलेली नवी एरर ती हीच. कंपायलरने काढण्याची परवानगी दिली आणि टाकण्याची काढून घेतली.

‘लिस्ट<? सुपर इंटिजर>’ हे त्याचं उलट टोक. ही इंटिजरची, नंबरची किंवा थेट ऑब्जेक्टची लिस्ट असू शकते. तिच्यात इंटिजर बिनधास्त टाका, तिघींनाही तो चालतो. काढताना मात्र फक्त ऑब्जेक्ट मिळाल्याची खात्री देता येते. एका लिस्टमधून दुसऱ्या लिस्टमध्ये नक्कल करणारी लायब्ररीतली ‘कॉपी’ मेथड ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी वापरते: जिच्यातून घ्यायचं तिला एक्स्टेंड्स, जिच्यात भरायचं तिला सुपर. ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी ‘पेक्स’ हे चार अक्षरांचं सूत्र दिलं: प्रोड्यूसर एक्स्टेंड्स, कन्झ्यूमर सुपर. सूत्र चांगलं आहे, पण मुलाखतीसाठी पाठ करणारे विसरतात की प्रोड्यूसर कोण आणि कन्झ्यूमर कोण हे मेथडच्या आतून ठरतं. मेथडला मूल्य पुरवते ती लिस्ट प्रोड्यूसर.

सुपरचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी जावातलंच एक जोडपं पुरेसं आहे. डेटाबेसबरोबर काम करताना लागणारा एसक्यूएल पॅकेजमधला डेट हा युटिल पॅकेजमधल्या डेटपासून निघालेला आहे. तुलना कशी करायची हे फक्त युटिलच्या डेटने सांगितलं आहे, म्हणजे एसक्यूएलच्या तारखा ‘युटिल डेटशी तुलना होणाऱ्या’ आहेत, स्वतःच्या टाइपशी अशी वेगळी घोषणा त्यांनी केलेली नाही. क्रम लावणाऱ्या मेथडने काटेकोरपणे ‘टीशी तुलना होणारा टी’ मागितला असता, तर एसक्यूएल तारखांच्या लिस्टचा क्रमच लावता आला नसता. मॅक्सच्या ओळीत दिसलेलं ‘कम्पॅरेबल<? सुपर टी>’ ते याचसाठी. टी किंवा त्याच्या कुठल्याही पूर्वजाशी तुलना करता येत असेल तर चालेल.

नुसतं ‘लिस्ट<?>’ आणि ‘लिस्ट<ऑब्जेक्ट>’ यांतला फरक आता सहज कळेल. ऑब्जेक्टची लिस्ट म्हणजे जिच्यात काहीही टाकता येतं अशी. प्रश्नचिन्हाची लिस्ट म्हणजे जिचा टाइप माहीत नाही अशी, तिच्यात नलखेरीज काही टाकता येत नाही. कुठल्याही लिस्टमधलं सगळं छापणाऱ्या मेथडने दुसरी मागावी. पहिली मागितली तर स्ट्रिंगची लिस्टसुद्धा तिला देता येत नाही.

एक खाचखळगा मात्र जेनेरिक्सनेही बुजवला नाही आणि नेहमीच्या कामात तो फार त्रास देतो. लिस्टची ‘कंटेन्स’, मॅपची ‘गेट’, या मेथड आजही ऑब्जेक्ट घेतात. विद्यार्थ्यांच्या नोंदी लाँग टाइपच्या क्रमांकावर ठेवलेल्या मॅपमध्ये साधा ५०१ हा आकडा देऊन शोध घ्या. जावा त्याचा इंटिजर करते, इंटिजर ५०१ आणि लाँग ५०१ एकमेकांच्या बरोबर मानले जात नाहीत, आणि नोंद असूनही नल परत येतो. एरर नाही, सूचनाही नाही. इंटिजरच्या लिस्टला "७२" ही स्ट्रिंग आहे का विचारा, ती शांतपणे ‘फॉल्स’ सांगते. टाइप तपासले जातील याची सवय लागलेल्या प्रोग्रॅमरने या दोन मेथडपाशी जास्त सावध राहायला हवं.

वाइल्डकार्डचा गणिती पाया किती खोल आणि किती अवघड आहे हे लक्षात यायला बारा वर्षं गेली. २०१६ मध्ये नाडा अमीन आणि रॉस टेट यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दाखवला. त्यात एकही कास्ट नाही, रॉ टाइप नाही, तरी भाषेच्या नियमांनुसार इंटिजरची स्ट्रिंग होते. अशी पळवाट मिळाली कुठून? वाइल्डकार्डचा तर्क असा, की अमुक टाइपचं मूल्य अस्तित्वात आहे म्हणजे त्याच्या अटी कुठेतरी पूर्ण झाल्या असणारच. पण नल हा प्रत्येक टाइपचा असतो आणि त्याने कुठलीच अट पूर्ण केलेली नसते. जावात मात्र असा प्रोग्रॅम चालवला की कंपायलरने घातलेला तो न दिसणारा कास्ट आडवा येतो आणि क्लासकास्ट एक्सेप्शनवर सगळं थांबतं. ज्या इरेजरला सगळे नावं ठेवतात त्याच्याच व्यवस्थेने इथे लाज राखली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, राडू ग्रिगोरे यांनी सिद्ध केलं की जावाच्या जेनेरिक टाइपची सुसंगती तपासणं हे कुठलाही संगणकी हिशेब करण्याइतकं सामर्थ्याचं काम आहे. म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच अशी खात्री देणारा तपासनीस लिहिताच येणार नाही. रोजच्या कोडला याची झळ लागत नाही.

जावानंतरच्या भाषांनी यातून धडा घेतला. ओडेर्स्कींनी पुढे बांधलेल्या स्कालात, २०१० च्या सी-शार्प ४ मध्ये आणि नंतर कोटलिनमध्ये ‘फक्त बाहेर’ किंवा ‘फक्त आत’ हे टाइप लिहितानाच एकदा सांगता येतं, प्रत्येक वापराच्या जागी पुन्हा लिहावं लागत नाही. कोटलिनमधली साधी लिस्ट फक्त वाचायची असते, म्हणून तिथे इंटिजरची लिस्ट नंबरची लिस्ट म्हणून खुशाल देता येते. टाकायची मुभा असलेली म्युटेबललिस्ट वेगळी आहे आणि ती इन्व्हेरिअंट आहे. ॲरेही तिथे इन्व्हेरिअंट केले आहेत. मला ही रचना जावापेक्षा सरस वाटते.

जावात काम करणाऱ्यांनी मेथड लिहिताना स्वतःला एकच गोष्ट विचारावी: या लिस्टमधून मी काढतो आहे, की तिच्यात टाकतो आहे? फक्त काढत असाल तर एक्स्टेंड्स, फक्त टाकत असाल तर सुपर, दोन्ही करत असाल तर प्रश्नचिन्ह नकोच. परत करायच्या मूल्याच्या टाइपमध्ये वाइल्डकार्ड लिहू नका, ते वापरणाऱ्याच्या गळ्यात पडतं. खरोखर नंबरची लिस्टच हवी असेल तर नवी तयार करा. ॲरेलिस्टचा कन्स्ट्रक्टर इंटिजरची लिस्ट घेऊन नंबरची नवी लिस्ट देतो, जावा १० पासूनची ‘लिस्ट.कॉपीऑफ’ही न बदलणारी नवी लिस्ट देते. मेमरीत लिस्ट दोन झाल्या की दोन्ही नावं खरी राहतात.

आणि एक विनंती. तुमच्याकडचा सगळ्यात जुना जावा प्रोजेक्ट उघडा, कंपायलरला ‘-एक्सलिंट:अनचेक्ड’ हा पर्याय द्या आणि येणाऱ्या सूचना एकेक करून वाचा. बहुतेक वेळा अशी सूचना ही कुणीतरी कोनी कंस काढून टाकल्याची जागा असते. ‘सप्रेसवॉर्निंग्ज’ लिहून तिला गप्प करण्याआधी त्या लिस्टमध्ये कोण काय टाकतं हे शोधा आणि कंस परत लावा.